पाचव्या वर्षी माती, बाविसाव्या वर्षी मॅट



स्मरणिकेत शाळेच्या आठवणी बाकीचे लिहिणारच आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी लिहितोय ते आपल्या बॅचच्या ग्रुपवर मध्यंतरी झालेल्या वादामुळे. आपल्यातल्या एकानं विचारलं, नातू सहा वर्षांचा झालाय, त्याला आत्तापासून तालमीत घालू का? दोन दिवस ग्रुप पेटला होता. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी दाखला दिला तो एकाच माणसाचा, खाशाबा जाधवांचा. लवकर घाला म्हणणारे म्हणाले, खाशाबा पाचव्या वर्षी मातीत उतरले होते. घाई नको म्हणणारे म्हणाले, खाशाबांनी आधी शाळा पूर्ण केली. दोघांचंही खरं आहे. म्हणूनच त्यांचं सगळं चरित्र एकदा सलग मांडावंसं वाटलं. आपण कऱ्हाड तालुक्यातली माणसं. त्यांचं नाव आपण लहानपणापासून ऐकतो, पण ते बहुतेक वेळा पदक आणि बैलगाड्यांची मिरवणूक एवढ्यापुरतंच.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा. शेतकरी घर. पाच भावांत हे सगळ्यांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान. कृष्णाकाठच्या गावांत त्या काळी तालीम म्हणजे देवळाइतकीच नेहमीची गोष्ट होती. वडीलच पैलवान असले तर पोराला तालमीत घालायचा मुहूर्त वगैरे काढावा लागत नसे. ते आपोआप बापाच्या मागोमाग जाऊन हौद्याच्या कडेला बसायचं, आणि एक दिवस लंगोट नेसून आत उतरायचं. खाशाबाच्या बाबतीत तो दिवस पाचव्या वर्षी आला.

पण पाचव्या वर्षी सुरुवात केली म्हणजे नेमकं काय केलं, हे समजून घ्यायला हवं. आज आपण सुरुवात म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर फी, गणवेश, पहाटे साडेचारचा गजर आणि वर्षाअखेरची स्पर्धा येते. त्या काळच्या गावच्या तालमीत पाच-सहा वर्षांच्या पोराला कुणी जोर-बैठकांचा आकडा ठरवून देत नसे. त्याचं काम म्हणजे माती उकरायला हातभार लावणं, तेल आणि ताक घातलेल्या त्या तांबड्या मातीत लोळणं, आपल्याएवढ्याच पोराशी झोंबणं, मोठ्यांच्या पाठीवर चढणं आणि पडणं. पडणं हे फार महत्त्वाचं. हौद्यातली माती मऊ असते. तिथं शंभर वेळा पडलेलं पोर अंग कसं सोडायचं, मान कशी चोरायची, हात कुठं टेकायचा नाही, हे न शिकवता शिकतं. वर चार थोरले भाऊ. धाकट्याला घरातच रोज आपल्यापेक्षा जड जोडीदार मिळत असणार, हे सांगायला कुणा अभ्यासकाची गरज नाही.

शिवाय गावोगावच्या जत्रा होत्याच. आपल्यापैकी खेड्यातून येणाऱ्यांना आठवत असेल, जत्रेच्या फडात आधी लहान पोरांच्या कुस्त्या लावतात, रेवड्यांवर नाहीतर नारळावर. जिंकणारा आणि हरणारा दोघेही रेवड्या खात खात बाहेर येतात. त्या कुस्तीला कुणी फारसं लेखत नाही, आणि माझ्या मते तीच तिची खरी किंमत आहे. पोराला चारचौघांत उभं राहायची, ढोल-हलगीच्या आवाजात श्वास सांभाळायची सवय लागते आणि हरण्याला काही मोठी शिक्षा नसते. खाशाबाविषयी असं सांगतात की आठव्या वर्षी त्यानं पंचक्रोशीतल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत लोळवलं. प्रत्येक मोठ्या पैलवानाच्या बालपणाला अशी एखादी गोष्ट चिकटतेच. ती कितपत धरायची हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्या दृष्टीनं मोठी गोष्ट वेगळी आहे. मुलात ऐन आहे हे दादासाहेबांना दिसत असूनही त्यांनी त्याला शाळेतून काढलं नाही.

खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकला, १९४० ते १९४७. मॅट्रिक झाला तेव्हा तो एकविशीत होता. आजच्या हिशेबानं हे फार उशिरा. पण त्या काळी शेतकऱ्याच्या पोरांची शाळा अशीच अडखळत पुढं जायची, आणि मध्ये बेचाळीसचं आंदोलन होऊन गेलं होतं. सातारा जिल्ह्यात तेव्हा काय वातावरण होतं ते आपल्या इतिहासाच्या सरांनी आपल्याला कितीतरी तास रंगवून सांगितलंय. पंधरा-सोळा वर्षांचा खाशाबा भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्यात, निरोप आणि पत्रकं पोचवण्यात होता.

शाळेच्या त्या वर्षांत त्यानं फक्त कुस्ती केली असं नाही. पोहणं, धावणं, मल्लखांब, वजन उचलणं, कबड्डी, जे मिळेल ते खेळला. ग्रुपवरच्या वादात हा मुद्दा कुणीच काढला नाही, आणि मला तर तोच सगळ्यांत कळीचा वाटतो. नदीत पोहून छाती आणि खांदे तयार होतात. मल्लखांबावर पकड आणि पोट तयार होतं. कबड्डीत दम तर लागतोच, शिवाय समोरच्याच्या पायांकडं बघून तो कुठं जाणार हे ओळखायची नजर येते. कुस्तीला हे सगळं लागतं, पण नुसत्या कुस्तीतून ते सगळं मिळत नाही. एकच एक खेळ दिवसातून दोनदा, बाराही महिने करणाऱ्या पोराचे तेच सांधे तेच धक्के खात राहतात. खाशाबाच्या काळी हे कुणी पुस्तकात वाचलं नव्हतं. ते त्यांच्या आयुष्यात आपोआप घडलं. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा संगम होता, शाळेला मैदान होतं, आणि वडिलांना मुलाकडून दहाव्या वर्षी गदा नको होती.

मॅट्रिकनंतर ते कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात गेले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी वाढवलेली कुस्ती, त्यांनी बांधलेलं खासबागचं मैदान, पेठापेठांतल्या तालमी. तिथं सहा-सहा फुटी, शंभर किलोच्या वरचे मल्ल पाहायची लोकांना सवय. आणि हे जेमतेम साडेपाच फुटांचे, अंगानं किरकोळ. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत नाव द्यायला गेले तेव्हा क्रीडाशिक्षकांनी चण पाहूनच नाव घ्यायला नकार दिला, असं सांगतात. मग प्राचार्यांकडं जाऊन परवानगी मिळवली, आणि आपल्याहून दांडग्या गड्यांना एकामागून एक खाली घेतलं.

बाबूराव बलावडे, बेलापुरे गुरुजी हे त्यांचे वस्ताद, आणि कॉलेजात गोविंद पुरंदरे मार्गदर्शक. खाशाबांची ख्याती होती ती ढाक या डावावर. समोरच्याची मान काखेत धरायची, कंबर खाली घालायची, आणि तो पुढं रेटत असतानाच त्याच्याच जोरावर त्याला फिरवून आपटायचा. ढाक ताकदीनं लागत नाही, वेळेवर लागते. अर्धा क्षण आधी घातली तर तो निसटतो, अर्धा क्षण उशीर झाला तर तुम्हीच खाली. हा वेळेचा अंदाज लहानपणच्या मातीतून येतो, यावर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे. वयात येण्याआधी पोराच्या अंगात स्नायू फारसे भरत नाहीत. त्या वयात ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायू यांची एकमेकांशी ओळख पक्की होते म्हणून. तोल, पकड, समोरच्याच्या अंगातला झोक ओळखणं, ही शिदोरी त्या वयात बांधली की जन्मभर पुरते. लवकर मातीत उतरण्याचा फायदा हा असा आहे, आणि तो मोठा आहे. पण त्याच वयात दंड फुगवायला, खुराक कोंबायला आणि वजनं उचलायला लावून काही हाती लागत नाही.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक होतं. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि बावीस वर्षांचे खाशाबा बोटीच्या जमान्यात सातासमुद्रापार गेले. तिथं त्यांच्यापुढं जे अंथरलेलं होतं त्यावर ते आयुष्यात कधी लढले नव्हते. ती मॅट होती.

माती आणि मॅट यांतला फरक कुस्ती न पाहणाऱ्यांसाठी थोडा सांगायला हवा. मातीतली कुस्ती निकाली. पाठ लागेपर्यंत चालायची, तासभरही चालायची, नाहीतर पंच बरोबरीत सोडवायचे. पाय मातीत रुततात, त्यामुळं हालचाल जड पण पकड भक्कम. खडाखडीत वेळ घालवला तरी चालतो. मॅटवर तसं नाही. वेळ ठरलेला असतो, चितपट झाली नाही तर गुणांवर निकाल लागतो, पाय सरकतात आणि समोरचा एका झेपेत पायात शिरतो. मातीत सतरा वर्षं घालवलेल्या माणसाच्या अंगात जे मुरलेलं होतं त्यातलं निम्मं इथं उपयोगी होतं, तर निम्मं आड येत होतं. तिथं त्यांना रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी मल्लानं मार्गदर्शन केलं. हाताशी दिवस थोडे होते. तरीही ५२ किलोच्या फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं, आणि इराणच्या मन्सूर रईसीकडून हरून सहावे आले.

पहिल्यांदा मॅटवर उभं राहून जगात सहावा. इथंच थांबून मातीची थोरवी गाता येईल. खाशाबांनी ती गायली नाही. ते परत आले आणि मॅटवरची कुस्ती पहिल्यापासून शिकायला बसले. बाविसाव्या वर्षी, इतका नावलौकिक झाल्यावर, नवीन विद्यार्थ्यासारखं शिकायला बसणं हे पाचव्या वर्षी मातीत उतरण्यापेक्षा फार अवघड. पाच वर्षांच्या पोराला मोडावी लागेल अशी सवयच नसते. बावीस वर्षांच्या मल्लाला हाडात भिनलेली सवय मोडून दुसरी बसवावी लागते. पुढची चार वर्षं त्यांनी हे केलं. वजनगटही वाढला. लंडनला ५२ किलोत लढलेले खाशाबा १९५२ मध्ये ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. बावीस ते सव्वीस या वयात अंग भरतं ते भरू दिलं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

हेलसिंकीला जाण्याची वाट मात्र काट्यांची होती. मद्रासच्या निवड चाचणीत त्यांना एका गुणानं हरलेलं ठरवलं गेलं. तो निकाल त्यांना मान्य नव्हता. पतियाळाचे महाराज तेव्हा ऑलिम्पिक संघटनेचे प्रमुख होते. त्यांच्यापर्यंत दाद मागून खाशाबांनी पुन्हा कुस्ती मागून घेतली आणि समोरच्याला चितपट केलं. मग पैशाचा प्रश्न. गोळेश्वर आणि कऱ्हाडच्या लोकांनी जमेल तशी वर्गणी गोळा केली. खाशाबा स्वतः दारोदार फिरले. आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. समोर बसलेल्या आपल्या सर्व सर-बाईंच्या साक्षीनं सांगतो, खाशाबांच्या चरित्रातलं हे पान मला त्यांच्या पदकापेक्षा कमी मोलाचं वाटत नाही. ज्या पोरानं दहाव्या वर्षी शाळा सोडून तालीम धरली असती, त्याच्या आयुष्यात खर्डेकर आलेच नसते.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडाच्या आद्रियाँ पोलिकँला चितपट केलं, मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला चितपट केलं, आणि जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला पंचांच्या दोन विरुद्ध एक अशा मतांनी हरवलं. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. ती कुस्ती लांबली, खाशाबांचा दम काढून गेली आणि गुणांवर हातची गेली. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं राहावं लागलं. नियमाप्रमाणे अर्धा तास मिळायला हवा होता, पण तिथं त्यांच्या बाजूनं बोलायला आपला कुणी अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात. थकलेले खाशाबा हरले. कांस्यपदक मिळालं. २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याच वेळी वरच्या गटात लढलेले आपले केशव माणगावे चौथे आले, ते आपण विसरून गेलो आहोत. पुढं वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ सालच्या लिअँडर पेसपर्यंत, आणि कुस्तीतल्या पदकासाठी २००८ पर्यंत थांबावं लागलं.

आता ग्रुपवरच्या वादात कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट. ज्या इशीनं खाशाबांना हरवलं आणि सुवर्णपदक नेलं, तो मुळात कुस्तीगीर नव्हताच. तो जुदोचा खेळाडू. महायुद्धानंतर अमेरिकी अंमलात जपानमध्ये जुदोवर बंदी आली, तेव्हा विद्यापीठात शिकणारा हा मुलगा कुस्तीकडं वळला. जन्मसाल १९२६, म्हणजे खाशाबांचाच समवयस्क. एक पाचव्या वर्षापासून मातीत, दुसरा कॉलेजच्या वयात कुस्तीत, आणि सव्विशीच्या सुमाराला दोघं एकाच मॅटवर समोरासमोर. जिंकला उशिरा आलेला. पण इशीची पाटी कोरी नव्हती, हेही लक्षात घ्या. जुदोनं त्याला तोल, पकड आणि पडणं हे सगळं आधीच दिलेलं होतं. म्हणजे दोघांचंही बालपण-तरुणपण अंग घडवण्यात गेलं होतं. फक्त त्या अंगाला कुस्ती हे एकच नाव लवकर दिलं की नाही, यानं निकाल ठरला नाही.

कुणी म्हणेल, जपानच्याच साओरी योशिदाचं काय? ती तीन वर्षांची असल्यापासून वडिलांच्या घरच्या आखाड्यात खेळली आणि तिनं ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं जिंकली. खरं आहे. तिथंही वस्ताद म्हणजे बाप, आणि आखाडा म्हणजे घर. रात्री जेवायला आणि झोपायला आईजवळ. खाशाबांचंही तेच. तीन किंवा पाच हा आकडा आपण उचलतो आणि घर हा शब्द गाळतो.

कारण आज आपल्याकडं लवकर सुरुवात करतात ती बहुतेक वेळा घरापासून तोडून. आठव्या-नवव्या वर्षी पोराला शहरातल्या तालमीत नेऊन ठेवायचं, दूध-बदाम-तुपाचा खर्च काढायला बाप कर्ज काढतो, शाळेत नाव फक्त पटावर. वर्षभरात महाराष्ट्र केसरीची स्वप्नं. गटात बसावं म्हणून बारा वर्षांच्या पोराला उपाशी ठेवून घाम काढायला लावतात. वाढत्या वयात हाडांच्या टोकाला कूर्चा असते, तिच्यावर वाढ अवलंबून असते, आणि वाढीला अन्न-पाणी लागतं, हे आपल्या जीवशास्त्राच्या बाईंनी आठवीतच शिकवलं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली सल्ला दिला की एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत पुढं ढकलावं, तोवर मुलांनी निरनिराळे खेळ खेळावेत. जागतिक कुस्ती संघटनेचे वयोगटही पंधरा वर्षांखालच्या गटापासूनच सुरू होतात. तेरा वर्षांच्या मुलाला त्यात उतरायचं तर डॉक्टरांचा दाखला आणि पालकांची संमती लागते. हे सगळं आता कळतंय. गोळेश्वरच्या दादासाहेबांनी ते नुसत्या शहाणपणानं पाळलं.

आपल्या वर्गातला एक जण सातवीनंतर दिसेनासा झाला होता, आठवतंय? तो तालमीत गेला होता. अंगापिंडानं आपल्या सगळ्यांत उजवा. एकोणिसाव्या वर्षी गुडघा घेऊन परत आला. हाती ना किताब, ना दहावीचा दाखला. टेम्पो चालवून त्यानं संसार केला, पोरं शिकवली. या लेखाविषयी मी त्याला विचारलं, तेव्हा त्यानं नाव न घालता लिही असं सांगितलं. गेली काही वर्षं तो गावात संध्याकाळी पोरांना कुस्ती शिकवतो. सात ते दहा वर्षांची पोरं फक्त तासभर, त्यातला अर्धा वेळ शिवाशिवी आणि सूरपारंब्या. कुस्त्या रेवड्यांवर. वही तपासल्याशिवाय लंगोट नाही. ग्रुपवरच्या आजोबांना मी त्याचा नंबर दिलाय.

खाशाबांचं पुढचं आयुष्य पाहिलं की शाळेचा मुद्दा आणखी ठसतो. हेलसिंकीहून परतल्यावर कऱ्हाड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाच्या वाटेला सात तास लागले म्हणतात. मिरवणूक ओसरल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर कोल्हापुरात कुस्त्यांचा फड लावून पैसे उभे केले आणि खर्डेकरांचं घर सोडवलं. १९५६ साली मेलबर्नचं ऑलिम्पिक होतं, त्याआधी गुडघा दुखावला आणि ते हुकलं. तिशीत कुस्ती संपली.

कुस्ती संपली तेव्हा माणूस उघड्यावर पडला नाही. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले होते. शाळा-कॉलेज केलेलं होतं म्हणून त्या जागेवर बसता आलं. नुसत्या मातीत वाढलेल्या पैलवानाला कुस्ती सुटल्यावर काय वाट्याला येई, याच्या गोष्टी कोल्हापूरच्या पेठांत कितीतरी ऐकायला मिळतात. खाशाबांनी खात्यात पंचवीस वर्षांहून जास्त नोकरी केली, पोलिसांच्या खेळाडूंना शिकवलं, आणि असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. बढत्या सावकाश मिळाल्या. पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. क्रीडा संघटनांनीही त्यांची आठवण फारशी ठेवली नाही. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना बोलावलं, तेवढंच.

आपली बॅच दहावी होऊन बाहेर पडली ते १९८४ साल. त्याच वर्षी १४ ऑगस्टला कऱ्हाडजवळ रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय अठ्ठावन्न. अर्जुन पुरस्कार त्यानंतर सोळा वर्षांनी, २००० सालचा म्हणून जाहीर झाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत बांधलेल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं. गोळेश्वरातल्या त्यांच्या घराचं नाव ऑलिम्पिक निवास. मेळाव्याला येताना ज्यांना वेळ असेल त्यांनी नातवंडांना घेऊन तिकडून यावं. कऱ्हाडपासून फार लांब नाही.